बैडूसाहेबांची जन्मतारीख

सोमवारी सकाळी हजेरी घेता घेता आराबा क्वान्सानं फोनवर एक निरोप वाचला आणि पुढची अकरा नावं गाळून थेट शेवटच्या पोरीवर उडी मारली. पोरांनी आरडाओरड केली, पण बाई काही ऐकू येण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. बाईंचा लेख बुधवारी, सहा मार्चला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, ऑनलाइन विश्वकोशाच्या पहिल्या पानावर झळकणार होता. केप कोस्ट गावातल्या कुणाही माणसाचा लेख आजवर तिथे पोचला नव्हता. 'तुम्हाला माहीत आहे का?' या मथळ्याखाली ओळ येणार होती: घानाचे माजी मंत्री एबेनेझर के. बैडू यांचा जन्म ६ मार्च १९५७ रोजी, देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी झाला.

दुपारच्या सुट्टीपर्यंत ही बातमी मुख्याध्यापकांना, शिपायाला, फाटकाशी केंके, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, विकणाऱ्या बाईला आणि तिच्या गिऱ्हाइकांना कळली होती. केंकेवालीनं विचारलं, यात तुला काय मिळणार? काही नाही, असं आराबा म्हणाली. मग केंकेवालीनं तिच्या पानात तळलेल्या मासळीचा एक जादा तुकडा ठेवला. फुकट राबणाऱ्या माणसाला निदान जेवण तरी नीट मिळावं, असं तिचं म्हणणं पडलं.

आराबा शाळेत समाजशास्त्र शिकवायची आणि दर शनिवारी विभागीय ग्रंथालयात सहा-सात जणांच्या मंडळात बसून गावातल्या माणसांचे लेख विश्वकोशात घालायची. बैडूसाहेबांचा लेख तिनं एकोणिसाव्या वर्षी लिहिला होता. आठ वर्षांपूर्वीचा, आणि तिचा पहिलाच. पहिलं लेकरू लाडकं असतं, मग ते कसंही असो.

तिसऱ्या तासाला दुसरा निरोप आला. पहिल्या पानावर जाणारी प्रत्येक ओळ तपासणारा एक इसम असतो. हा कुठल्यातरी थंड देशात बसलेला होता आणि त्यानं स्वतःचं नाव 'उत्तरवारा' असं ठेवलं होतं. त्यानं फार अदबीनं लिहिलं होतं की लेख सुंदर आहे, फक्त एक बारीकशी शंका, नावातलं 'के.' म्हणजे काय? पुराव्यासह घातलंत तर बरं. मंगळवारी संध्याकाळी सहाला पहिलं पान बंद होतं, नंतर बदल चालत नाही.

आराबाला हसू आलं. बिचाऱ्या थंड देशातल्या माणसाला काय माहीत! आपल्या किनाऱ्यावर पोरगा जन्मला की बारशाला आठ दिवस थांबावं लागतं, पण वाराचं नाव तो आईच्या पोटातूनच घेऊन येतो. सोमवारचा कोजो, मंगळवारचा कोबिना, बुधवारचा क्वेकू, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वेसी. गुरुवारचा याव तेवढा या 'के'च्या जाळ्यातून सुटलेला. ती स्वतः आराबा, म्हणजे मंगळवारची. सहा मार्च सत्तावन्नला बुधवार होता हे फोननं एका क्षणात सांगितलं. म्हणजे क्वेकू. पक्षाच्या संकेतस्थळावरही क्वेकूच लिहिलेलं होतं. तिनं खुशीत उत्तर पाठवलं.

उत्तरवाऱ्याचं उत्तर लगेच आलं. पक्ष आपल्या माणसाबद्दल काय वाटेल ते लिहील, छापील आणि स्वतंत्र असं काही आहे का?

आता मात्र आराबाला राग आला. तरीही शाळा सुटल्या सुटल्या तिनं टॅक्सी धरली आणि ग्रंथालय गाठलं.

ग्रंथालयात एसिलफी सर होते. सर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांच्या जागी आलेल्या माणसाला कपाटांच्या किल्ल्या कुठे आहेत हे अजून कळलेलं नव्हतं, आणि सर ते कळू देत नव्हते. शनिवारचं मंडळ त्यांनीच काढलेलं. कुणी काहीही सांगितलं तरी ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, 'कुठे छापलंय?' स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा ते चर्चच्या पत्रकावरून सांगायचे, असं त्यांची बायको म्हणे.

बैडूसाहेब पहिल्यांदा संसदेत गेले सत्त्याण्णव साली. सरांनी त्या वर्षीच्या संसदेतल्या भाषणांचा छापील खंड काढला, धूळ झटकली आणि पहिल्याच पानांवरची सभासदांची यादी आराबापुढे सरकवली. तिनं बोट फिरवत फिरवत 'ब' गाठला.

बैडू, एबेनेझर कोबिना.

तिनं पुन्हा वाचलं. कोबिना. मंगळवार. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय हे तिला त्या वेळी कळलं.

"सर, हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय? खंड की साहेब?"

आराबाला पटेना. माणूस पक्ष बदलतो, बायको बदलतो, चर्चमधला बाकसुद्धा बदलतो, पण वाराचं नाव? ते कोण बदलतं? सरांनी मात्र घाई केली नाही. ते म्हणाले, असंही असू शकतं की आजोबांचं नाव जसंच्या तसं ठेवलं असेल, वारासकट. माझा एक चुलतभाऊ शनिवारी जन्मला आणि आजोबांमुळे जन्मभर कोफी म्हणून फिरला. किंवा छापणाऱ्याची चूक असेल. स्वतः साहेब काय बोललेत ते बघ, त्यांचं तोंड कुणी छापून ठेवलंय का ते शोध.

मग दोघं त्या जाडजूड खंडांवर तुटून पडले. एक खंड सरांकडे, एक आराबाकडे, मध्ये कुरकुरणारा पंखा. साहेब रस्त्यांवर बोलले होते, शौचालयांवर बोलले होते, शिक्षकांच्या पगारावर तर अडीच पानं बोलले होते, आणि तो पगार अजून तसाच आहे हे आराबाच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही. साडेपाच वाजले. नवा ग्रंथपाल दारात येऊन खोकून गेला. आणि मग चौथ्या खंडात, मासेमारीच्या विधेयकावरच्या चर्चेत, आराबाला ते सापडलं.

कुणा आतल्या भागातल्या सभासदानं म्हटलं होतं की किनाऱ्यावरचे लोक दर मंगळवारी समुद्रात जात नाहीत, ही जुनी समजूत आहे, देशाचं नुकसान आहे, मंगळवारची सुट्टी बंद करा. त्यावर बैडूसाहेब उठले होते. आराबानं ते मोठ्यानं वाचलं:

"अध्यक्ष महाराज, मी मंगळवारचा जन्म. माझा बाप त्या दिवशी किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता, म्हणून सुईणीला आणायला घरात कुणीतरी होतं. सन्माननीय सभासदांचं ऐकून मंगळवारी होड्या गेल्या असत्या, तर आज त्यांना उत्तर द्यायला मी इथे नसतो."

पुढे कंसात छापलं होतं: हशा.

सरही हसले, आणि मग आराबानं बोटांवर वार मोजले. सहा मार्चचा आदला दिवस मंगळवार होता. पाच मार्च. साहेब देशाच्या आधी जन्मले होते. एका दिवसानं.

"पण चार वर्तमानपत्रांत सहा तारीख आहे," आराबा म्हणाली. "मी स्वतः लेखात चारही संदर्भ दिलेत."

"त्या पत्रांच्या तारखा वाच," सर म्हणाले.

तिनं वाचल्या. सगळ्यात जुनी बातमी तिचा लेख आल्यानंतर दोन महिन्यांनी छापलेली होती. चौघांनीही वाक्य तेच वापरलं होतं, 'देशाचा जुळा भाऊ'सकट. ते वाक्य आराबाचं होतं. एकोणीस वर्षांच्या आराबानं लेखाखाली पुरावा म्हणून काय दिलं होतं? तिनं लेखाचा इतिहास उघडला. निवडणुकीचं कॅलेंडर. तिच्या आईच्या खाणावळीत भिंतीवर टांगलेलं, साहेबांच्या हसऱ्या फोटोचं, पक्षानं फुकट वाटलेलं कॅलेंडर! त्यातून तिनं उचललं, तिच्यातून वर्तमानपत्रांनी उचललं, आणि वर्तमानपत्रांतून तिनं पुन्हा पुरावा म्हणून लेखात आणून बसवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

सर तिला रागावले नाहीत. त्याचंच तिला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले की सन दोन हजार सातला स्वातंत्र्याची पन्नाशी होती, तेव्हा जो उठला तो स्वातंत्र्याचं लेकरू व्हायला बघत होता, साहेबांच्या प्रचारातल्या पोरांनी साहेबांना एक दिवस पुढे ढकललं असणार. आणि 'के.' तसंच ठेवलं की कोबिनाचा क्वेकू करायला शाईसुद्धा लागत नाही.

रस्त्यानं घरी जाताना बुधवारच्या संचलनाची तालीम करणारी पोरं ढोल बडवत होती. आराबाच्या मनात एक चोर येऊन बसला होता. 'के.'चा अर्थ सापडला नाही असं कळवलं तर? उत्तरवारा ती शंका सोडून देईल, ओळ जशीच्या तशी जाईल, केप कोस्टचं नाव पहिल्या पानावर येईल. चौथ्या खंडाचं पान साडेतीनशे कोण उघडणार आहे? आणि खरं लिहिलं तर ओळच उरत नाही. 'तुम्हाला माहीत आहे का, की एक माजी मंत्री एका मंगळवारी जन्मले?' यात माहीत असण्यासारखं आहे काय? हात दाखवून अवलक्षण. घरी आईनं कंद कुटून केलेलं फुफू वाढलं, ती दोन घास खाऊन उठली. पण आजोबांचं नाव ठेवलं असेल तर, हा सरांचा प्रश्न शिल्लक होताच, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारं माणूस गावात एकच होतं.

मंगळवारी तालमीमुळे शाळा अकरालाच सुटली. आराबा किनाऱ्यावर गेली. होड्या वाळूवर ओळीनं ओढून ठेवलेल्या, पुरुष सावलीला जाळी पसरून बसलेले. बैडूसाहेबांची थोरली बहीण मान्सा तिथेच मागच्या आळीत राहायची. वय एकोणऐंशी, मासळी धुरावून विकण्यात हयात गेलेली. साहेबांचा बंगला टेकडीवर होता, पण मान्सा कधी तिथे राहायला गेली नाही, आणि दर सहा मार्चला साहेब तिथे केक कापत तेव्हा गाव लोटायचं, ही फिरकायची नाही. गावाला वाटायचं म्हातारी तिरसट आहे.

मान्सा रिकाम्या चुलाणापुढे स्टुलावर बसली होती. आराबानं वाकून नमस्कार केला, पाणी प्यायली, कुणाची कोण ते सांगितलं आणि मग विचारलं की साहेबांचं नाव आजोबांवरून ठेवलंय का?

"कोण साहेब?"

"तुमचे भाऊ, आजी. बैडूसाहेब."

"अगं, आमच्या आजोबाचं नाव क्वामे. कोबिनाला कुणाचं नाव ठेवलेलं नाही, तो आपला वार घेऊन आला." म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुला कशाला गं हवंय?"

आराबानं सगळं सांगितलं. विश्वकोश म्हणजे काय ते सांगितलं, कॅलेंडरचं सांगितलं, आणि ती तारीख पहिल्यांदा आपणच जगभर नेली हेही सांगितलं.  

"म्हणजे ती तू होय," मान्सा म्हणाली. "मला वाटायचं कुणीतरी मोठ्ठा शिकलेला माणूस असेल."

मग तिनं त्या दिवसाचं सांगितलं. त्या मंगळवारी मान्सा बारा वर्षांची होती. बाप, कोजो बैडू, दारात जाळं शिवत होता. कळा सुरू झाल्या तसा तो लाकडी सुई कानावर खोचून सुईणीकडे धावला. दुपारी पोरगा झाला. बापानं त्याला मांडीवर घेतलं आणि दिवस मावळेपर्यंत खाली ठेवलं नाही. आई म्हणे, अहो, मला पाजू तरी द्या. सुई कानावरच होती. रात्री गावात सगळे बारा वाजायची वाट बघत होते, झेंडा बदलणार म्हणून. बाप म्हणाला, झेंडा बदलला तरी बारशाला मासळी लागेलच. पहाटे तो आणखी दोघांना घेऊन होडीनं गेला. दुपारी होडी परत आली ती दोघांनाच घेऊन.

"सगळा देश नाचत होता," मान्सा म्हणाली, "आणि आमच्या दारात रडारड. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, आनंदानं ओरडतायत."

आराबाला रडू आवरेना. सहा मार्च हा त्या घरात बापाचा दिवस होता. आणि सतरा वर्षं त्या दिवशी केक कापला जात होता. तिच्या कॅलेंडरनं, तिच्या वाक्यानं, तिच्या चार संदर्भांनी त्या केकला पुरावा पुरवला होता. कालपर्यंत तिला वाटत होतं की प्रश्न एका ओळीचा आहे. आता सहा वाजायच्या आत तो मंगळवार परत जागेवर बसला नाही, तर उद्या सगळं जग बुधवार वाचणार होतं, आणि मान्सा या स्टुलावर बसून ढोल ऐकणार होती.

"साहेबांना विचारलं पाहिजे, आजी," ती डोळे पुसत म्हणाली. "जिवंत माणसाबद्दल लिहायचं तर त्याला विचारलेलं बरं."

मान्सानं कमरेच्या गाठीतून जुना फोन काढला आणि तिच्या हातात दिला. लाव, म्हणाली, एक नंबरचं बटण दाबून धर.

साहेबांनी फोन उचलला तो घाबरून, कारण बहिणीचा फोन यायला कुणीतरी मरावंच लागायचं. आराबानं आपली ओळख सांगितली आणि एका दमात खंड चौथा, पान साडेतीनशे, मासेमारी विधेयक इथपर्यंत आली. पलीकडून साहेबांचा सभेतला आवाज आला. चार वर्तमानपत्रांत छापलंय, पोरी. विश्वकोशात आहे. तू कोण लागून गेलीस?

"विश्वकोशात मीच लिहिलंय, साहेब. तुमच्या कॅलेंडरवरून."

 साहेब जरा खालच्या पट्टीत म्हणाले की अगं, एका दिवसाचा तर फरक. काही तासांचा. त्यानं कुणाचं काय बिघडतंय? गावाला अभिमान वाटतो, पोरं नाचतात.

मान्सानं फोन मागितला. ती उभी राहिली नाही, आवाज चढवला नाही.

"कोबिना," ती म्हणाली, "तुझ्या वाट्याला बाप एकच दिवस आला होता. तोच तू देऊन टाकलास."

 पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला. मान्सानं तो पुन्हा गाठीत बांधला आणि आराबाला म्हणाली, जा तू, तुझं काम कर, तो काय मंत्री आहे, त्याला उत्तर सुचायला वेळ लागतो.

आराबा ग्रंथालयात पोचली तेव्हा चार वाजून गेले होते आणि दिवे गेले होते. सरांनी खिडकीशी टेबल ओढलं, आपला फोन दिला, स्वतःचं इंटरनेटसुद्धा दिलं, जे त्यांनी आजवर बायकोलाही दिलं नव्हतं. आराबानं आधी लेखाच्या चर्चापानावर लिहिलं.  आठ वर्षांपूर्वी ही चूक मी केली. पुरावा एका कॅलेंडरचा होता. चारही वर्तमानपत्रांनी ती माझ्याकडून घेतली आहे, तारखा ताडून पाहा, म्हणून ते चार पुरावे नाहीत, एकच आहे, आणि तोही माझा आणि खोटा. मग चौथ्या खंडातला उतारा पुरा उतरवला, पानाचा फोटो जोडला. मग वर जाऊन तारीख बदलली: ५ मार्च १९५७, मंगळवार. 'के.'च्या जागी कोबिना.

बाप बुधवारी बुडाला हे तिनं लिहिलं नाही. ते कुठेही छापलेलं नव्हतं. सरांना विचारायचीही गरज पडली नाही.

उत्तरवारा जागाच होता. त्याचं उत्तर यायला सव्वीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात आराबानं ग्रंथालयाला चौदा फेऱ्या मारल्या. त्यानं लिहिलं होतं की स्वतःची चूक अशी उघड करणारा माणूस त्याला नऊ वर्षांत दुसऱ्यांदाच भेटला. लेख पहिल्या पानावर राहील. फक्त ओळ नवी हवी, आणि त्यानंच एक सुचवली होती: तुम्हाला माहीत आहे का, की घानाचे एक खासदार भर संसदेत म्हणाले, मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत म्हणूनच मी जन्मलो?

आराबा किंचाळली. नवा ग्रंथपाल धावत आला. एसिलफी सरांनी त्याला सांगितलं की काही नाही, वाचनालयात वाचन चालू आहे.

पाच पन्नासला, पान बंद व्हायला दहा मिनिटं असताना, लेखात कुणीतरी बदल केला.  साहेबांची माणसं! आता ते तारीख परत फिरवणार, मग ती बदलणार, मग ते फिरवणार, आणि वाद दिसला की पहिल्या पानावरून लेख उतरवतात, नियमच आहे. खातं नवीन होतं, सात मिनिटांपूर्वी उघडलेलं. नाव: कोबिना बैडू. तिनं सरांचा दंड धरला आणि बदल उघडला.

तारखेला हात लागलेला नव्हता. 'देशाचा जुळा भाऊ' हे शब्द खोडलेले होते, दोन ठिकाणी होते ते दोन्ही ठिकाणी. बाकी काही नाही. बदल का केला ते लिहायची खाली जी लहानशी चौकट असते, तिच्यात एवढंच होतं: 'माझा जन्म मंगळवारचा. त्या दिवशी वडील घरी होते.'

सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग ते म्हणाले की हे खातं कुणीही उघडू शकतं, साहेबांनीच लिहिलंय कशावरून? सर ते सरच. आराबानं दुपारी घेतलेल्या नंबरवर मान्साला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला, मागे भांड्यांचा आवाज होता. आराबानं ती दोन वाक्यं वाचून दाखवली, शब्द न् शब्द.

"पुन्हा वाच," मान्सा म्हणाली.

तिनं पुन्हा वाचली.

"बापाचं नाव नाही लिहिलं त्यानं? कोजो बैडू?"

"नाही, आजी. आणि हे त्यांनीच लिहिलंय का, तेही नक्की कळायला हवं. आम्हाला पुरावा लागतो."

"पुरावा आत्ता माझ्या दारात गाडीतून उतरतोय," मान्सा म्हणाली. "सकाळपासून उपाशी असणार मेला. ठेव फोन, आज त्याचा वाढदिवस आहे, वाढदिवसाचं कोनफळ कुस्करून झालंय पण वरची अंडी अजून सोलायची आहेत."